न चमकणारे मासे

आमच्या घरात मासे येणार हे कळल्यावर गल्लीतल्या बायकांना आधी हसू आलं आणि मग माझी काळजी वाटायला लागली. त्यांचं काही चुकत नव्हतं. चौगुल्यांचं घर जैन, म्हणजे कांदा-बटाटा वर्ज्य, पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी पिणार नाही, दिवस मावळला की जेवण बंद. माझी आई राजमती एकाहत्तराव्या वर्षीही जमिनीकडे बघत चालते, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून. त्या घरात चाळीस लिटरची काचेची टाकी आणि आत बारा मासे.

मी त्रिशला. सांगलीपासून बावीस किलोमीटरवरच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून दहा वर्षांपूर्वी आईकडे परत आले. आईशीही फार पटतं असं नाही, पण तिच्याशी भांडायला निदान मजा येते. माझ्यात एक खोट आहे, मला वाट बघता येत नाही. दूध तापत ठेवलं तरी मी शेगडीपाशी तीनदा जाऊन येते. आणि त्या हिवाळ्यात नेमकं वाट बघण्याचंच काम माझ्या वाट्याला आलं.

दिवाळीनंतर आईच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. कापून काढता येईल अशी नव्हती. त्यावर औषधं चार होती, चारही जालीम, आणि कुणाच्या गाठीला कुठलं लागू पडेल हे आधी सांगता येत नव्हतं. आईच्या तब्येतीला एकच औषध झेपणार होतं. पहिलं चुकलं तर दुसरं सोसायला अंगात बळ उरणार नाही, असं डॉ. केतकी नलवडेंनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं. आईला यातलं अर्धंच सांगितलं होतं, पण तिला रस अर्ध्यातही नव्हता. "मला कशाला आता औषधं? झालं की सगळं बघून," एवढंच ती म्हणायची आणि जपमाळ घेऊन बसायची. ती उपचाराला तयार झाली ती माझ्या कटकटीला कंटाळून.

मासे हवे होते ते औषध निवडण्यासाठी. आपल्याकडच्या ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत बोटाच्या पेराएवढा, अंगावर निळसर पट्टे असलेला एक मासा असतो. प्रयोगशाळांनी त्याची एक वेगळी जात तयार केली आहे. तिला रंग नाही, अंग आरपार दिसतं. प्रतिकारशक्तीही नाही, त्यामुळे बाहेरची पेशी पोटात सोडली तरी तिचं शरीर ती हाकलून देत नाही. आईच्या गाठीतल्या पेशी घ्यायच्या, निळ्या उजेडात त्या हिरव्या चमकतील अशी सोय करायची आणि बारा माशांच्या पोटात सोडायच्या. मग तीन-तीन माशांना एकेक औषध द्यायचं. औषधाचा खसखशीहून लहान कण अंगात बसवलेला असतो, तो रोज थोडा थोडा विरघळतो. ज्यांच्या पोटातला हिरवा ठिपका लहान होत जाईल, त्यांचं औषध ते आईचं औषध.

रुग्णालयांच्या मत्स्यघरात तीन महिन्यांची रांग होती, म्हणून गेली दोन-तीन वर्षं अशी टाकी घरी द्यायला लागले होते. टाकीवर कायमचं काळं आवरण. आतला कॅमेरा दर तासाला निळा उजेड टाकून ठिपके मोजतो आणि आकडे परस्पर रुग्णालयाला आणि घरच्यांच्या फोनवर पाठवतो. घरच्यांनी फक्त पाणी तपासणाऱ्या यंत्राचे आकडे फोनवर बघून पाणी सांभाळायचं आणि वरच्या तळहाताएवढ्या झाकणातून दोन वेळा चिमूटभर खाणं टाकायचं. आवरण काढायचं नाही, उजेड शिरला की त्या दिवसाचं मोजमाप वाया जातं. पाणी बदलायचं तर खालच्या नळीने काढायचं आणि वरच्या नळीने भरायचं. सगळं मिळून चोवीस दिवस. चोवीस हा आकडा ऐकून आईला जरा बरं वाटलं, आमचे तीर्थंकर चोवीस, म्हणून आमच्यात तो शुभ.

डॉक्टरांचं सगळं ऐकून घेऊन आईने एकच प्रश्न विचारला. "औषध लागू न्हाई पडलं, तर त्या माशाचं काय हुतंय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "काही नाही होत," मी म्हणाले. "परत नेतात."

परत नेतात हे खरं होतं. नेऊन काय करतात ते मी गिळलं.

टाकी घरी आली आणि सोबतच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मी अडले. मासे आणण्याआधी टाकी पाच आठवडे तयार करावी लागते, असं तिथे लिहिलं होतं. पाच आठवडे कुणाकडे होते? पेशी भरलेले मासे दहा दिवसांत ताब्यात घ्यायला हवे होते. मी पुस्तिका बंद केली, स्कूटर काढली आणि बसस्टँडमागच्या इम्तियाज मुजावरच्या दुकानात गेले. इम्तियाज पस्तिशीचा, शांत माणूस, पाळायच्या माशांचं तीस वर्षांचं दुकान वडिलांकडून त्याच्याकडे आलेलं. मी घाईघाईने सांगत होते आणि तो एका टाकीची काच पुसत ऐकत होता. त्याच्या त्या पुसण्याचा मला फार राग आला.

मग त्याने समजावून सांगितलं, आणि केमिस्ट असून मला ते माहीत नव्हतं याची लाज वाटली. मासा खातो, उत्सर्जन करतो, त्यातून अमोनिया सुटतो. अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत तिथेच साठतो. त्याला खाणारे एक जातीचे जिवाणू असतात, ते त्याचं नायट्राइट करतात. ते विषारीच. मग दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट थोडं असलं तर माशाला चालतं. हे दोन्ही जिवाणू पाण्यात कमी आणि गाळणीच्या स्पंजात जास्त राहतात. नव्या टाकीत ते नसतातच. आपोआप रुजायला पाच-सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकीत मासा सोडणं म्हणजे त्याला स्वतःच्याच घाणीत मारणं.

"मग काही उपाय नाही?" मी विचारलं.

"दही लावायला तुम्ही काय करता ताई? शेजारून विरजण आणता." त्याने त्याच्या सगळ्यात जुन्या टाकीतून एक काळपट, बुळबुळीत स्पंज काढला आणि त्याच टाकीच्या पाण्यासकट पिशवीत घातला. पैसे घेतले नाहीत. फक्त बजावलं, की नळाच्या पाण्यात धुवायचा नाही, क्लोरीनने आतले सगळे मरतील. आणि दुसरं, मासे बाराच. "हे जिवाणू रोज जेवढं मिळतंय तेवढंच खायला शिकलेले असतात. एकदम दुप्पट ताटं मांडली तर त्यांना झेपत नाही. वाढतात, पण सावकाश वाढतात. तोवर मासे मरतात."

घरी आल्यावर मी आईला हे सगळं सांगितलं. तिला स्पंजाची किळस येईल असं वाटलं होतं. तिने पिशवी उजेडात धरून बघितली. आमच्याकडे पाणी गाळल्यावर फडक्यात जे उरतं त्याला जिवाणी म्हणतात. ती फेकायची नाही, जिथलं पाणी तिथेच परत सोडायची, कारण तिच्यात न दिसणारे जीव असतात. आई पिशवी खाली ठेवत म्हणाली, "ह्यात लाखो जीव हाईत म्हणतीस. मग एवढं काय सांगतीस नवलाचं, हे तर आम्ही रोज करतोय." त्या दिवसापासून टाकीत घालायचं पाणी ती स्वतः दुहेरी फडक्यातून गाळायला लागली. क्लोरीन उडावं म्हणून ते दिवसभर उघडं ठेवायचं, हेही तिने लगेच उचललं.

तीन दिवस रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणं टाकूनही अमोनियाचा आकडा शून्यावर राहतोय हे बघून आम्ही मासे आणले. फोनवर बारा हिरवे ठिपके दिसायला लागले. प्रत्येक ठिपक्याला औषधाप्रमाणे कडा होती, लाल, पिवळी, निळी, पांढरी. गाळप हंगाम भरात होता, सकाळी सातला मी कारखान्यावर हजर, म्हणून खाणं टाकायचं काम आईने मागून घेतलं. मला आश्चर्य वाटलं, पण बरंही वाटलं. ती टाकीपाशी खुर्ची घेऊन बसायची आणि काळ्या आवरणाशी हळूहळू बोलायची. तब्येत खालावत होती तरी पाचव्या दिवशी ती एकटी रिक्षाने बाहेर जाऊन आली. विचारलं तर म्हणाली, मंदिरात गेले होते. मंदिरात गेली होती हे खरंच असणार. ती खोटं बोलत नाही.

माझं मात्र जगणं फोनवर आलं. उसाच्या रसाचे नमुने तपासताना एक डोळा फोनवर. गाडी चालवताना सिग्नलला फोन. पिवळ्या कडेचे तीन ठिपके रोज बारीक होत होते, आणि मी ते कुणाला न सांगता मनात धरून ठेवलं होतं. निळेही कमी होत होते, पण हळू. लाल आणि पांढरे जसेच्या तसे. दहाव्या दिवशी मी आईला म्हणाले की मला वाटतं पिवळं औषध लागणार. ती म्हणाली, "लाल आणि पांढऱ्यांचं काय?" मी म्हणाले, त्यांचं अजून काही दिसत नाही. ती उठून आत गेली.

त्याच दिवशी अमोनिया शून्याऐवजी दशलक्षात पाव भाग दिसला. मी पाव टाकी पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी अर्धा. मी परत पाणी बदललं. यंत्र बिघडलं असेल म्हणून नमुना बाटलीत भरून कारखान्यात नेला आणि माझ्या हाताने तपासला. आकडा खरा होता. मग मी कागद घेऊन हिशेब मांडला. बारा एवढेसे मासे, दोन चिमटी खाणं, त्यातून इतका अमोनिया सुटूच शकत नव्हता. म्हणजे तो खाणारे जिवाणूच मरत असणार. स्पंज मरतोय. मी इम्तियाजला फोन करून बोलले, आणि चांगलंच बोलले. तो म्हणाला, "ताई, स्पंज सहा वर्षांचा आहे. एकदा आवरण काढून मासे मोजाल का?" मी म्हणाले, मासे बाराच आहेत, मला फोनवर दिसतायत, आणि आवरण काढलं तर मोजमाप वाया जाईल. वीस वर्षं मी लोकांना शिकवत आलेय, की आकडा जुळत नसेल तर आधी भांड्यात नेमकं काय आहे ते बघा. माझ्या घरात मी गाळणीवर संशय घेतला आणि टाकीत डोकावून पाहिलंच नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता फोन वाजला तो थांबेचना. अमोनिया तीन, नायट्राइट मोजमापाच्या बाहेर. पडद्यावर चार ठिपके तळाशी स्थिर झाले होते आणि त्यातले तीन पिवळे होते. मी हातातला चंबू तसाच ठेवला आणि निघाले. वाटेत इम्तियाजला फोन केला. बावीस किलोमीटर कसे कापले ते आठवत नाही. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या आणि प्रत्येक ट्रॉलीला मी शिव्या दिल्या.

मी पोचले तेव्हा इम्तियाज माझ्या आधी येऊन दारात उभा होता, हातात पाण्याचे दोन कॅन आणि आणखी एक स्पंज. आई टाकीशी बसली होती. मी काही न विचारता काळं आवरण ओढून काढलं.

टाकी माशांनी भरली होती. रंगीत शेपट्यांचे गप्पी, मोठे, मधले, आणि त्यांची पिल्लं. जिऱ्याएवढी पिल्लं कोपऱ्याकोपऱ्यात. सगळी वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत होती. त्यांच्यामधून आमचे आरपार मासे शोधावे लागत होते. कॅमेऱ्याने यांच्यातला एकही कधी दाखवला नव्हता. दाखवणार कसा, तो फक्त चमकणारं मोजत होता.

"ते माझे," आई म्हणाली.

मी आवरण हातात धरून उभी राहिले. इम्तियाजने मात्र एक क्षण वाया घालवला नाही. नळी लावली, निम्मं पाणी काढलं, जाळीने गप्पी पकडून कॅनमध्ये सोडायला लागला. आई तेवढ्यात सांगत होती, शांतपणे, काही चुकलंय असं तिच्या मनातही नव्हतं. तिने पुस्तिका भिंग घेऊन वाचली होती. औषध लागो न लागो, सगळ्याच माशांना परत नेऊन मारतात हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. "तू म्हणालीस काही न्हाई हुत. तुला तरी काय म्हणू? मग म्हटलं, माझ्यापायी बारा जाणार असतील तर बारा वाचवूया तरी. ह्याच्या दुकानात मोठ्या माशाला खायला घालायचे ठेवले हुते. ते आणले. एवढं चांगलं पाणी गावात दुसऱ्या कुणाकडं हाय?"

बाराच आणले होते तिने. गप्पी अंडी न घालता थेट पिल्लंच घालतात, आणि ऊबदार पाण्यात भराभर घालतात. बाराचे पन्नास झाले. तोंडं वाढली म्हणून तिने खाणंही वाढवलं, कुणी उपाशी राहायला नको. राहिलेलं खाणं तळाशी कुजलं. इम्तियाजने आपल्याच दुकानातून ते विकले होते, पण त्याला वाटलं होतं की आजींकडे आणखी एखादी टाकी असणार.

दुपारपर्यंत सहा मासे मेले. तिन्ही पिवळे, दोन पांढरे, एक लाल. मी त्यांना एका वाटीत घेतलं. पिवळे तीन माझ्या दोन बोटांवर मावले असते. आई पाठीमागून म्हणाली, "कशानं झालं ग हे?"

ती थकलेली होती, गालफडं आत गेली होती. आयुष्यभर जिने मुंगीवर पाय पडू दिला नाही, तिला मी हे सांगायचं? की तू वाचवलेल्यांनी हे सहा मारले, आणि कदाचित तुझं औषधही? मला ते जमलं नाही. "स्पंज खराब निघाला," मी म्हणाले.

इम्तियाजने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग आईकडे वळून म्हणाला, "व्हय आज्जी. जुना स्पंज गेला माझ्याकडनं. चूक झाली."

आईने त्याला, चुका सगळ्यांकडून होतात बाबा, असं म्हणून पाणी प्यायला दिलं. तो गप्प्यांचे कॅन उचलून गेला. दारात मी त्याला काहीतरी बोलायला गेले, पण तो स्कूटरला कॅन बांधत होता आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतरचे आठ दिवस मी झोपले असेन, पण आठवत नाही. टाकी सावरली. उरलेले सहा मासे जगले, तीन निळे, दोन लाल, एक पांढरा. नियम असा होता, की एखाद्या औषधाचे तिन्ही मासे मेले तर ते औषध शरीराला झेपत नाही असं धरायचं आणि बाद करायचं. यंत्राने पिवळं बाद केलं. मी रोज जुन्या नोंदी उघडून बघत होते. पंधराव्या दिवसापर्यंत पिवळ्यांचे ठिपके एक तृतीयांशावर आले होते. निळे चोवीसाव्या दिवशीही निम्म्यावर होते. फरक सरळ होता, पण ते तिघं अमोनियाने मेले की औषधाने, हे आता कुणीही सांगू शकणार नव्हतं.

गप्प बसले तर आईला निळं मिळणार. ठीक औषध, यंत्राने शिक्का मारलेलं. पिवळ्याबद्दल बोलायचं तर टाकीत काय झालं ते सांगावं लागणार, चाचणी रद्द होणार, आणि आईला कळणार. पुन्हा चाचणी करायला चोवीस दिवस नव्हते, आणि आई पुन्हा बारा मासे येऊ देणार नव्हती. मी स्वतःशी भांडत घरभर फिरत राहायचे. आई म्हणायची, बस की जरा, मला तुझ्याकडं बघून गरगरतंय.

चोवीसाव्या दिवशी दुपारी चारला डॉ. नलवडे घरी आल्या. पहिली गोळी डॉक्टरांसमोर घ्यायची अशी पद्धत होती, म्हणून चारही औषधांची पाकिटं त्यांच्या पिशवीत होती. मासे न्यायला एक डबाही होता. त्यांनी अहवाल उघडला आणि आईला सांगितलं, की निळं औषध चांगलं लागू पडेलसं दिसतंय. त्या निळं पाकीट काढायला लागल्या.

"डॉक्टर, थांबा," मी म्हणाले. "टाकीत जास्तीचे मासे होते. पन्नासेक. सोळाव्या दिवशी अमोनिया त्यामुळे वाढला. पिवळे त्याने मेले असतील. त्यांच्या आधीच्या नोंदी बघा."

त्यांचा हात थांबला. "जास्तीचे मासे कुणी सोडले?"

"मी."

"ती खोटं बोलतीया," आई म्हणाली. "मी सोडले."

 आई माझ्याकडे बघत होती. तिला सगळं एका दमात कळलं होतं, आणि मी ते तिच्या चेहऱ्यावर उतरताना बघत होते.

"म्हणजे स्पंज चांगला हुता."

"हो."

"मग ते सहा माझ्यामुळं गेले."

मी तिच्यापाशी जाऊन बसले. तुला माहीत नव्हतं, असं काहीतरी बोलायला लागले. तिने हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटून ती जपमाळेचे मणी ओढायला लागली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, तिचा, माझा, त्या मूर्ख कॅमेऱ्याचा. मग तिने डोळे उघडले आणि इम्तियाजला फोन लावायला सांगितला. त्याने फोन उचलल्यावर ती म्हणाली, की तुझ्यावर खोटा आळ आला आणि तू तो माझ्यासाठी सोसलास, मला क्षमा कर. तो घाईघाईने म्हणाला, की आज्जी असं बोलू नका, तुमचे गप्पी मजेत आहेत आणि टाकीवर पाटी लावली आहे, विकायचे नाहीत म्हणून.

तोवर डॉक्टर जुन्या नोंदी वाचत होत्या. दोनदा वाचल्या. मग त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. नियमाप्रमाणे चाचणी रद्द झाली, यंत्राचा निकाल आता कुणाच्याही कामाचा नाही. औषध त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर आणि आईच्या सहीने द्यायचं. पिवळ्याचे पंधरा दिवस फार चांगले दिसतात. पण ते औषध जड आहे, कदाचित म्हणूनच घाण पाण्यात ते तिघं सगळ्यांआधी गेले. खात्री कशाचीच नाही. आईने विचारलं, उरलेल्या सहांचं काय? डॉक्टर डब्याकडे बघून थोडं हसल्या. रद्द झालेल्या चाचणीतले मासे परत नेण्याचा नियम नाही. राहू द्या इथेच, त्या म्हणाल्या, जगतील तितके जगतील.

आई माझ्याकडे वळली. "तू केमिस्ट. तुला काय वाटतंय?"

"पिवळं," मी म्हणाले. "पण मला खात्री नाही, आई. मला भीती वाटते."

तिने टाकीकडे बघितलं. आवरण काढलेलं होतं, सहा मासे उजेडात फिरत होते आणि उजेडात त्यांच्यातलं काहीच चमकत नव्हतं.

"इतके दिवस मला वाटत हुतं, झालं तेवढं पुरे," ती म्हणाली. "तू म्हणालीस म्हणून मी हो म्हटलं. आता तसं चालायचं न्हाई. त्या तिघांनी पंधरा दिवस एक गोष्ट सांगितली आणि मी त्यांना पुरतं सांगू दिलं न्हाई. ते खरं सांगत हुते का, हे आता माझ्याशिवाय कुणाला कळणार? मला बरं व्हायलाच पायजे. पिवळी दे."

डॉक्टरांनी तिची सही घेऊन दिलेलं पिवळं पाकीट मी फोडलं आणि गोळी तिच्या तळहातावर ठेवली. गोळी मोठी होती, तिला दोन घोट लागले.